तीस किलोमीटर खोलचा खडक पायाखाली कसा येतो?

कन्याकुमारीच्या किनाऱ्यावर उभं राहून वाळू मुठीत घेतली की तिच्यात लालसर आणि काळे कण वेगळे दिसतात. लाल कण गार्नेट या खनिजाचे, काळे बहुतेक इल्मेनाइट या लोह-टायटॅनियमच्या खनिजाचे. समोर समुद्रात विवेकानंद शिलास्मारक आहे. एकनाथ रानडे यांनी देशभर वर्गणी गोळा करून ते १९७० साली उभं केलं. ज्या खडकावर ते उभं आहे, त्याला चार्नोकाइट म्हणतात. हा खडक आज लाटांचा मार खात असला, तरी त्याची आजची घडण समुद्रसपाटीवर झालेली नाही. ती झाली जमिनीखाली २० ते ३० किलोमीटरवर, ७००-८०० अंश सेल्सिअसच्या वरच्या उष्णतेत, सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वी.

इथे बहुतेक वाचक अडखळतात. माणसाने आजवर खणलेलं सगळ्यात खोल भोक रशियातल्या कोला द्वीपकल्पावर आहे, आणि तेही जेमतेम १२ किलोमीटरचं. मग त्याच्या दुप्पट खोलीवरचा खडक आपोआप वर कसा आला? कुणी ढकलला? आणि तो खरंच इतक्या खोल होता, हे सांगणाऱ्यांना तरी कसं कळलं?

आधी दोन-तीन शब्द

आपण राहतो ते पृथ्वीचं कवच. खंडांखाली ते साधारण ३५ ते ४० किलोमीटर जाड असतं. त्याखाली प्रावरण. प्रावरणाचा खडक कवचापेक्षा जड असतो आणि तो घनच असतो, पण लाखो वर्षांच्या हिशेबात अतिशय सावकाश वाहतो. कवच आणि प्रावरणाचा वरचा कडक थर मिळून जे मोठे तुकडे होतात ते भूपट्ट. ते वर्षाला काही सेंटिमीटर या गतीने सरकतात.

एखादा खडक खोलवर दाबला गेला, तापला, पण पूर्ण वितळला मात्र नाही, तर त्याच्यातली खनिजं बदलतात. चिखलाचा खडक असेल तर त्यात अभ्रक येतं, मग गार्नेट येतं. आणखी खोल आणि गरम जागी गेला तर अभ्रकही टिकत नाही. अशा बदललेल्या खडकाला रूपांतरित खडक म्हणतात. चुनखडीचा संगमरवर होतो हे शाळेत शिकवतात, ते याचंच एक सौम्य उदाहरण. लक्षात ठेवायचं ते एवढंच की हा सगळा बदल घन अवस्थेत होतो.

खोली कशी मोजतात?

खडकाचं वजन ठाऊक आहे, त्यामुळे खोलीवरचा दाब काढणं सोपं आहे. एक किलोमीटर जाडीच्या खडकाखाली हवेच्या दाबाच्या सुमारे २६५ पट दाब असतो. तीस किलोमीटरवर तो आठ हजार पट होतो. प्रयोगशाळेतल्या यंत्रांत एवढा दाब आणि हवी ती उष्णता निर्माण करता येते. त्यात खडकाचे घटक ठेवायचे आणि कोणत्या दाबाला, कोणत्या तापमानाला कोणती खनिजं तयार होतात याची नोंद करायची. हे काम जगभर गेली अनेक दशकं चाललं आहे. त्यामुळे आता खडकातली खनिजं बघून उलट हिशेब मांडता येतो.

एक उदाहरण पुरेसं आहे. अ‍ॅल्युमिनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या एकाच प्रमाणातून तीन वेगळी खनिजं होतात. कमी दाबात अँडालुसाइट, जास्त दाबात कायनाइट, आणि उष्णता खूप असेल तर सिलिमनाइट. घटक तेच, रचना वेगळी. खडकात निळसर पात्यांचा कायनाइट सापडला, तर तो खोलीचा पहिला पुरावा. त्यात कायनाइटच्या जागी सिलिमनाइटचे बारीक तंतू आलेले दिसले, तर हा खडक आधी दाबला गेला आणि नंतर आणखी तापला, किंवा तापलेलाच असताना त्याच्यावरचा दाब कमी झाला.

गार्नेट याहून बोलकं आहे. ते वाढतं तेव्हा मधल्या भागात आधीच्या दाब-तापमानाचं मिश्रण राहतं आणि बाहेरच्या भागात नंतरचं. गार्नेटचा पातळ काप करून मधून कडेपर्यंत मँगनीज, लोह, मॅग्नेशियम आणि कॅल्शियम यांचं प्रमाण मोजलं, की तो खडक कोणत्या वाटेने खाली गेला याचा अंदाज येतो. ज्वारीच्या दाण्याएवढ्या स्फटिकात काही दशलक्ष वर्षांचा प्रवास नोंदलेला असतो. भूविज्ञानात मला सगळ्यात विलक्षण वाटणारी गोष्ट हीच आहे.

तो खाली गेलाच कसा?

दोन खंडांच्या मध्ये समुद्र असतो. समुद्राखालचं कवच बेसॉल्टचं, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याच्या काळ्या दगडाचं, म्हणून जड. भूपट्ट एकमेकांकडे सरकू लागले की हे जड कवच दुसऱ्याच्या खाली जाऊन प्रावरणात बुडतं. खोलवर गेलं की त्याचा एक्लोजाइट नावाचा खडक होतो. तो प्रावरणापेक्षाही जड असतो, म्हणून बुडणं आणखी जोरात होतं. बुडणाऱ्या या पट्टीला मागून खंडाची कडा जोडलेली असते. समुद्र संपला की तीही ओढली जाते. भारत आणि आशियाच्या मध्ये टेथिस समुद्र होता. तो सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी मिटला आणि भारताची उत्तरेकडची कडा आशियाखाली खेचली गेली.

पण खंडाचा खडक हलका असतो. त्यामुळे सगळा खंड काही खाली जात नाही. कवचाचे थर तुटतात, एकावर एक चढतात आणि कवच दुप्पट जाड होतं. आज तिबेटखाली ते ७० किलोमीटरच्या आसपास जाड आहे. पूर्वी दहा किलोमीटर खोल असलेल्या थरावर दुसरे थर येऊन बसले, की तो न हलताही तीस-चाळीस किलोमीटर खोल जातो. पुढची काही कोटी वर्षं तो तिथे तापत राहतो. ग्रॅनाइटी खडकात युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम असतं. त्यांच्या किरणोत्साराची उष्णता जाड कवचात साठत जाते.

मग वर कोण आणतं?

इथे एक गैरसमज फार पसरला आहे. खंड आपटले, दाब आला आणि खालचा खडक वर फेकला गेला, असं चित्र अनेकांच्या डोक्यात असतं. टक्कर खडकाला मुख्यतः खाली नेते. वर येण्यासाठी त्याच्या डोक्यावरचं ओझं दूर व्हावं लागतं किंवा त्याला स्वतःच्या हलकेपणाने तरंगून यावं लागतं. बहुतेक ठिकाणी दोन्ही घडतं.

आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकताना पाठीला सुकड म्हणजे वाळका भोपळा बांधायची पद्धत होती. पोरगं पाण्यात असतं तेव्हा त्याच्या वजनाने भोपळा बराचसा बुडालेला असतो. वजन जितकं कमी, तितका तो वर येतो. आणि त्याच भोपळ्याला दगड बांधून तळाशी नेलं, तर दोरी तुटल्याक्षणी तो उसळी मारून वर येतो. खोलच्या खडकांचं वर येणं याच दोन तऱ्हांनी होतं: एक संथ, वजन उतरेल तसतसं, दुसरं वेगाने, दोरी तुटल्यावर.

संथ तऱ्हा पाऊस, नद्या आणि हिमनद्या घडवतात. त्या डोंगर खरवडतात, ओझं कमी होतं, आणि जाड कवच प्रावरणावर तरंगत थोडं वर येतं. आलेला नवा भाग पुन्हा खरवडला जातो. ही साखळी कोट्यवधी वर्षं चालते.

याला आणखी एका गोष्टीची जोड असते. जमिनीतल्या ज्या भेगेवरून दोन बाजूंचे खडक सरकतात तिला भ्रंश म्हणतात. हिमालयात खालच्या बाजूचा मुख्य मध्य भ्रंश आणि वरच्या बाजूचा दक्षिण तिबेट भ्रंश यांच्यामध्ये कायनाइट-सिलिमनाइट असलेल्या खडकांची एक जाड पट्टी आहे. साधारण सव्वादोन ते दीड कोटी वर्षांपूर्वी ती दक्षिणेकडे आणि वर सरकत आली. बद्रीनाथला जाताना हेलंग-जोशीमठच्या परिसरात आपण मुख्य मध्य भ्रंशाच्या पट्ट्यातून वर चढतो. त्यापुढे रस्त्याच्या कडेला दिसणारे चमकदार, पट्टेदार खडक त्या खोलच्या पट्टीतले. चारधाम करणाऱ्या हजारो मराठी माणसांनी ते पाहिले आहेत, फक्त कुणी दाखवले नाहीत.

वरच्या भ्रंशाचा पुरावा तर एव्हरेस्टवर आहे. माथ्यावर समुद्रात तयार झालेला चुनखडक आहे, जो कधीच फार खोल गेला नाही. त्याच पर्वताच्या पायथ्याकडे सिलिमनाइट असलेले खोलचे खडक आहेत. या दोहोंमध्ये जेवढी जाडी असायला हवी तेवढी नाही. वरचा थर भ्रंशावरून उत्तरेकडे घसरला आणि खालच्याच्या डोक्यावरचं पांघरूण निघून गेलं. डोंगर चढत असतानाच त्याचा वरचा भाग घसरतो, ही गोष्ट १९८० च्या दशकापूर्वी फारशी कुणाच्या ध्यानात आली नव्हती.

तीस किलोमीटर झिजले, मग डोंगर तीस किलोमीटर उंच होता का?

हा प्रश्न हमखास येतो आणि तो अगदी योग्य आहे. उत्तरासाठी थोडं गणित करू.

कवचाची घनता पाण्याच्या २.७ पट धरा, प्रावरणाची ३.३ पट. वरून एक किलोमीटर खडक गेला, तर हलकं झालेलं कवच २.७ भागिले ३.३, म्हणजे सुमारे ८२० मीटर वर येतं. जमिनीची उंची एका किलोमीटरने कमी व्हायच्याऐवजी फक्त १८० मीटरने कमी होते.

आता ५ किलोमीटर उंचीचं पठार समुद्रसपाटीपर्यंत झिजवायचं आहे. दर किलोमीटरमागे १८० मीटर, म्हणजे जवळजवळ २८ किलोमीटर खडक खरवडावा लागेल. ७० किलोमीटर जाड कवचातून २८ गेले की उरले ४२. दक्षिण भारताखाली आज कवच साधारण ४० किलोमीटर आहे.

म्हणजे तीस किलोमीटर उंच डोंगर कधीच लागला नाही. तिबेटएवढी उंची आणि भरपूर वेळ पुरला. वर्षाला सरासरी एक मिलिमीटर झीज धरली तर २८ किलोमीटरला २ कोटी ८० लाख वर्षं लागतात. दहाव्या हिश्शाच्या गतीने २८ कोटी. ५५ कोटी वर्षांच्या हातात हे सहज मावतं.

खालून खडक वर आला, मग खाली पोकळी राहिली का, असाही प्रश्न विचारला जातो. प्रावरण सावकाश वाहतं आणि ती जागा भरून काढतं. पोकळी कुठेच नसते.

त्सो मोरिरी: जिथे दोरी तुटली

लडाखमध्ये साडेचार हजार मीटर उंचीवर त्सो मोरिरी सरोवर आहे. त्याच्या आसपास आणि पुगा खोऱ्यात नाइस नावाचा फिकट, पट्टेदार रूपांतरित खडक आहे. हा भारताच्या जुन्या कडेचा खडक. त्याच्या पोटात ठिकठिकाणी एक्लोजाइटचे गडद गोळे अडकलेले आहेत. हिरव्या खनिजात तांबडं गार्नेट खोचलेलं, असा हा देखणा दगड.

२००१ साली देहरादूनच्या वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी इथल्या गार्नेटच्या आत कोएसाइट सापडल्याचं प्रसिद्ध केलं. कोएसाइट म्हणजे क्वार्ट्झचाच, आपल्या साध्या गारगोटीचा, अतिदाबात तयार होणारा प्रकार. १९५३ साली लोरिंग कोएस यांनी तो प्रथम प्रयोगशाळेत बनवला. पुढे उल्कापाताच्या विवरात तो सापडला. खंडाच्या रूपांतरित खडकात तो असेल असं मात्र कुणाला वाटत नव्हतं. १९८४ मध्ये इटलीतल्या आल्प्समध्ये आणि नॉर्वेमध्ये तो सापडला तेव्हा अभ्यासकांना आपली चौकटच मोडावी लागली. कारण कोएसाइट तयार व्हायला ९० ते १०० किलोमीटर खोली लागते. एवढं जाड कवच पृथ्वीवर कुठेच नाही. म्हणजे खंडाची कडा प्रावरणात बुडून परत आली होती.

त्सो मोरिरीच्या खडकातलं किरणोत्साराचं घड्याळ (ते कसं चालतं ते पुढे येईल) सांगतं की हा खडक साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी तळाशी होता. परतीच्या वाटेतला मोठा पल्ला त्याने अवघ्या काही दशलक्ष वर्षांत कापला. नद्यांची झीज इतक्या वेगाने एवढं अंतर उघडं करू शकत नाही. इथे भोपळ्याची दुसरी तऱ्हा लागू पडते. खाली ओढणारी जड समुद्री पट्टी पुढे तुटली किंवा हलक्या खडकाची चकती तिच्यापासून सुटली, आणि हलका नाइस वर उसळला. एक्लोजाइटचे जड गोळे एकटे असते तर बुडालेच असते. ते नाइसच्या पोटात होते म्हणून त्याच्यासोबत वर आले. शेवटचे काही किलोमीटर मात्र भ्रंशांनी आणि झिजेनेच उघडे केले.

कोएसाइट वाचला कसा, हेही बघण्यासारखं आहे. वर येताना दाब कमी झाला की त्याचं पुन्हा क्वार्ट्झ होतं, आणि क्वार्ट्झला सुमारे दहा टक्के जास्त जागा लागते. गार्नेटच्या मजबूत कोंदणात ती मिळत नाही. मग गार्नेटला आतून बाहेर अशा किरणांसारख्या भेगा जातात. सूक्ष्मदर्शकाखाली मध्ये एक कण, भोवती क्वार्ट्झची कडा आणि त्यातून फाकणाऱ्या भेगा दिसल्या, की जाणकार लगेच ओळखतो.

बाकीचे खडक वर येताना परत का बदलत नाहीत?

थोडे बदलतात. पण पूर्ण बदलायला दोन गोष्टी लागतात: पाणी आणि उष्णता. खाली जाताना खडक तापला तेव्हा त्याच्या खनिजांतलं पाणी निघून गेलं. वर येताना तो कोरडा असतो आणि थंडही होत जातो. पाणी नाही, ऊब नाही, तर अणूंची हालचाल जवळपास थांबते. म्हणून खोलच्या खडकाची ओळख टिकते, फक्त कडांवर परतीच्या खुणा राहतात. त्या खुणांवरूनच वर येण्याची वाट काढता येते.

ज्या ठिकाणी भेगांतून पाणी शिरलं, तिथे चित्र बदलतं. अशा जागी गार्नेटभोवती हिरव्या क्लोराइटचं वेटोळं दिसतं आणि खडक आपला इतिहास पुसू लागतो.

ज्वालामुखीनेच आणला असेल तर?

ज्वालामुखी वितळलेला रस आणतो आणि त्यासोबत खोलचे काही तुटके तुकडे. त्या तुकड्यांतून बरंच शिकायला मिळतं. पण चार्नोकाइटचे, नाइसचे शेकडो किलोमीटर लांबीचे प्रदेश रसातून आलेले नाहीत. त्यांतल्या पट्ट्यांच्या घड्या बघा. कडक खडकाला अशा घड्या पडत नाहीत, आणि पूर्ण वितळलेल्या रसात पट्टे उरत नाहीत. खोल, तापलेला, पण घन असा खडक कोट्यवधी वर्षं दाबला गेला तरच अशा घड्या पडतात.

काळ कोण सांगतं?

झिर्कॉन नावाचं खनिज. कण असतो मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा. तयार होताना तो युरेनियम आत घेतो, पण शिशाला जवळजवळ थारा देत नाही. युरेनियमचं शिशात रूपांतर ठरावीक गतीने होतं. युरेनियम-२३८ अर्धं व्हायला सुमारे ४५० कोटी वर्षं लागतात. म्हणून आज कणात किती शिसं आहे त्यावरून वय निघतं. कन्याकुमारीकडच्या खडकांत असे झिर्कॉन आहेत की ज्यांचा गाभा २०० कोटी वर्षांच्या आसपासचा आणि बाहेरची कडा ५५ कोटी वर्षांच्या आसपासची. गाभा सांगतो मूळ खडक कधी जन्मला. कडा सांगते तो खोलवर कधी तापला.

५५ कोटी हा आकडा महत्त्वाचा आहे. त्या सुमारास मोझांबिक महासागर मिटला आणि पूर्व-पश्चिमेचे खंड जुळून गोंडवन हा महाखंड झाला. त्या टकरीचा पट्टा अरबस्तानापासून पूर्व आफ्रिका, मादागास्कर, दक्षिण भारत, श्रीलंका असा पूर्व अंटार्क्टिकापर्यंत जातो. केरळचा खडक आणि मादागास्करचा खडक शेजारी ठेवले तर नातं डोळ्यांना दिसतं. पालघाटच्या खिंडीजवळून जाणारा पट्टा हाच या जोडाचा एक धागा असावा असं अनेक अभ्यासक मानतात. त्याच्या उत्तरेकडचे निलगिरीचे चार्नोकाइट खूपच जुने, सुमारे २५० कोटी वर्षांचे आहेत.

एवढा झिजलेला माल गेला कुठे?

समुद्रात, आणि पुन्हा खडकांत. हिमालयाचा गाळ गंगा-ब्रह्मपुत्रेने बंगालच्या उपसागरात नेला. तिथे समुद्रतळावर त्याचा सुमारे ३,००० किलोमीटर लांब पंखा पसरलाय, जगातला सगळ्यात मोठा. गोंडवनाच्या डोंगरांची वाळू उत्तर आफ्रिका आणि अरबस्तानात प्रचंड वालुकाश्मांच्या रूपात आहे. जॉर्डनमधलं पेट्रा अशाच वालुकाश्मात कोरलेलं आहे.

आणि काही माल अजून वाटेवर आहे. कन्याकुमारीजवळ मनवलकुरिचीला गार्नेट, इल्मेनाइट आणि मोनाझाइट या वाळूतून काढतात. मोनाझाइटमध्ये थोरियम असतं. भारताच्या अणुकार्यक्रमाची एक मोठी आशा या कणांवर आहे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही काळं इल्मेनाइट आहे, पण ते आपल्या बेसॉल्टमधून झिजून आलेलं. काळी वाळू दोन्हीकडे असली, तरी तिची कुळं वेगळी.

पुणे-बंगळूर रस्ता खोलीकडे जातो

हे सगळं समजून घ्यायला मला सगळ्यात आवडणारी जागा म्हणजे एक महामार्ग. पुण्याहून निघालं की कोल्हापूरपर्यंत सगळा काळा बेसॉल्ट. बेळगावच्या आसपास तो विरळ होतो आणि त्याच्या खालचा फार जुना खडक उघडा पडतो. धारवाड, चित्रदुर्गकडे तो सौम्य रूपांतराचा, हिरवट असतो, म्हणजे फार खोल न गेलेला. बंगळूरकडे नाइस येतो. त्याच्याही दक्षिणेला कब्बलदुर्ग, पुढे बिळीगिरीरंगन टेकड्या आणि निलगिरी. इथे चार्नोकाइट.

कर्नाटकाचं कवच एका बाजूने जास्त उचललं गेलंय आणि तिरकं झिजलंय. त्यामुळे उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना आपण गाडीत बसूनच कवचाच्या अधिकाधिक खोल थरांत जातो. या थरांत हा बदल झाला सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे हिमालयाच्या तुलनेत तो कल्पनेपलीकडे जुना.

कब्बलदुर्गच्या खाणीतल्या भिंतीवर तर बदल मध्येच गोठलेला आहे. फिकट करड्या नाइसच्या पट्ट्यांना आडवे छेदून गडद हिरवट, तेलकट चमकेचे डाग गेलेले दिसतात. जिथे जिथे कार्बन डायऑक्साइडसारखा कोरडा वायू भेगांतून शिरला, तिथे नाइसचा चार्नोकाइट झाला, असं त्याचं एक मान्यता मिळालेलं स्पष्टीकरण आहे. हात ठेवला तर बोटाखाली अर्धा नाइस, अर्धा चार्नोकाइट. तिकडे जाणं झालं तर चुकवू नये.

चार्नोकाइट हे नाव मात्र कोलकात्यातून आलं. जॉब चार्नॉक हा ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी तिथे १६९३ च्या सुमारास वारला. त्याच्या थडग्यावरची शिळा मद्रासकडून आणलेली होती. दोनशे वर्षांनी भूवैज्ञानिक थॉमस हॉलंड यांनी त्या शिळेच्या खडकाला त्याचं नाव दिलं.

महाराष्ट्रात काय आहे?

राज्याचा बहुतेक भाग साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याने झाकलेला आहे, म्हणून आपल्याला असे खडक सहसा दिसत नाहीत. सिंधुदुर्गात, शेजारच्या गोव्यात आणि पूर्व विदर्भात ते झाकण नाही.

नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांतून मध्य प्रदेशातल्या बालाघाट-छिंदवाड्याकडे सौसर पट्टा जातो. उत्तरेचा बुंदेलखंड आणि दक्षिणेचा बस्तर हे दोन प्राचीन भूखंड जिथे जुळले, त्या पट्ट्यातला हा भाग. जुळणी टप्प्याटप्प्याने झाली. किती टप्प्यांत आणि नेमकी कधी, यावर वाद आहे, पण सौसरच्या खडकांवर सुमारे १०० कोटी वर्षांपूर्वीच्या टकरीचा ठसा ठळक आहे. मूळचा हा समुद्रतळाचा गाळ: वाळू, चिखल, चुना आणि मँगनीजचे थर. टकरीत तो दाबला, तापला. वाळूचा क्वार्ट्झाइट झाला, चिखलाचा अभ्रकी शिस्ट, चुन्याचा संगमरवर. मँगनीजच्या थरांतून क्वार्ट्झ आणि मँगनीजयुक्त गार्नेट यांचा एक खास खडक तयार झाला. त्याला भूवैज्ञानिक फर्मोर यांनी गोंडांच्या नावावरून गोंडाइट म्हटलं. रामटेकजवळचं मनसर, भंडाऱ्यातलं चिकला आणि डोंगरी बुजुर्ग इथल्या मँगनीज खाणी या पट्ट्यातल्याच. लोखंडाचं पोलाद करायला मँगनीज लागतं, त्यामुळे शंभराहून अधिक वर्षं या खाणींवर हजारो घरं चालली आहेत.

या भागात कुणी फिरत असेल तर साधं दहापट भिंग सोबत ठेवावं. खडकात समांतर पट्टे आणि चमकणारं अभ्रक दिसलं, आणि त्यात बाजरीच्या दाण्याएवढे गुलाबी-तांबडे गोल कण असले, तर ते बहुधा गार्नेट. खाणीच्या आत परवानगीशिवाय जाऊ नये. रस्त्याच्या कटाईतही पुष्कळ दिसतं.

भंडारा जिल्ह्यात कायनाइट आणि सिलिमनाइटही निघतं, म्हणजे वर खोलीचा पुरावा म्हणून ज्यांचा उल्लेख आला तीच खनिजं. कायनाइट १,३०० अंशांच्या वर तापवला की त्याचा मुलाइट होतो, आणि मुलाइट त्याहून कितीतरी जास्त उष्णता मऊ न पडता सोसतो. म्हणून पोलादाच्या आणि काचेच्या भट्ट्यांच्या आतल्या विटांसाठी ही खनिजं वापरली जातात.